पेन्सिलीतल्या किल्ल्या

धाकटी: त्या खणात कात्री नव्हती, वहिनी. ही वही होती.

वहिनी: मी डावा खण म्हटलं होतं.

धाकटी: दादाची चौदावी वही. चार महिने आम्ही तिघं हिच्याच मागे आहोत.

वहिनी: माहितेय मला.

धाकटी: दर शनिवारी तू आम्हाला कपाटं उघडून देतेस. माळ्यावर चढताना शिडी धरतेस. परवा डॉक्टर पलंगाखाली शिरले, तेव्हा बॅटरी कोणी धरली होती?

वहिनी: मीच. त्यांची पाठ धरते म्हणून म्हटलं लवकर आटपू दे.

धाकटी: आणि वही तुझ्या शिवणयंत्राच्या खणात. बॉबिनच्या डबीखाली.

वहिनी: तिथे कोणी हात घालत नाही म्हणून ठेवली होती. आज गुडघा दुखतोय म्हणून तुला उठवलं, आणि स्वतःच पकडले गेले. बस आता. उभ्या उभ्या काय बोलायचं.

धाकटी: मी अजून उघडलेली नाही.

वहिनी: पण उघडणार आहेस.

धाकटी: एकच गोष्ट बघणार. मिठाच्या जगातल्या खिडकीची किल्ली. तेवढी बघते आणि वही तुझ्या हातात देते. तू का लपवलीस तेही विचारत नाही. म्हणजे आत्ता विचारत नाही.

वहिनी: थांब जरा. आधी मला ते दारांचं प्रकरण एकदा सरळ सांग.

धाकटी: आता?

वहिनी: चौदा वर्षं तुम्ही चौघं त्या टेबलाभोवती, आणि मी इथे आतल्या खोलीत लोकांच्या पँटी आखूड करत. अर्धं कानावर पडायचं, अर्धं यंत्राच्या आवाजात जायचं. डॉक्टर ओरडायचे, मी नांगरासारखा मधे उभा राहतो, तुम्ही पळा. जनावरांचा डॉक्टर, सहा फूट उंच माणूस, दोन मुलींचा बाप. मला वाटायचं, देवा, माझ्याच घरी का. सांग तू. माझा हात चालू राहील.

धाकटी: खेळ म्हणजे दादा गोष्ट सांगायचा आणि आम्ही तिघं त्यातली पात्रं व्हायचो. त्यात जगं पुष्कळ आहेत. पाण्याचं आहे, राखेचं आहे, मिठाचं आहे. एक आमचं, म्हणजे आमच्या पात्रांचं, जिथे त्यांची घरंदारं आहेत. एका जगातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही. कितीही चाल, त्याच जगात राहशील. त्याला दार लागतं. डॉक्टर पोर्टल म्हणतात, दादा दारच म्हणायचा.

वहिनी: दार म्हणजे असं, कडीकोयंड्याचं?

धाकटी: नाही. चौकट हवी फक्त. कमान चालते, खिडकी चालते, विहिरीचं तोंड चालतं, झाडाची ढोली चालते. पोकळी हवी आणि तिला सगळ्या बाजूंनी कड हवी. एक बाजू जरी उघडी असली तरी ते दार नाही.

वहिनी: बटणाचं काज?

धाकटी: मुंगीएवढं पात्र असेल तर हो. हसू नकोस, मास्तरांनी हा प्रश्न खरंच विचारला होता, आणि दादाने पुढच्या शनिवारी त्यांना मुंगीएवढं केलं होतं.

वहिनी: त्या दिवशी मास्तर बारीक आवाजात बोलत होते ते म्हणून का. मला वाटलं गाण्याच्या क्लासात घसा बसला.

धाकटी: तर चौकट झाली. मग किल्ली. प्रत्येक दाराला एक आणि एकच. ती लोखंडाची असेलच असं नाही. एखादी वस्तू असेल, आवाज असेल, हाताची खूण असेल. कधी नुसती एखादी आठवण, मोठ्याने सांगितलेली. चौकटीसमोर ती आली की दार उघडतं आणि सहा श्वास उघडं राहतं. तेवढ्यात आत पाऊल टाकायचं. पलीकडे कुठलं जग आहे ते पाऊल टाकल्यावरच कळतं. अंदाज बांधता येतो, खात्री नाही. आणि चुकीची किल्ली तीनदा दाखवली तर चौकट बुजते. कायमची.

वहिनी: किल्ली कुठली हे ठरवणार कोण?

धाकटी: दादा. खेळ चालवणारा तोच. दार कुठे, त्याच्यावर शेवाळ आहे की कोरीव काम, किल्ली कुठली, सगळं तो वहीत लिहून आणायचा. आम्ही शोधायचं. अगदी आमच्या कामासारखं आहे ते. बावीस वर्षं मी पोस्टात सॉर्टिंगला आहे. समोर भिंतभर कप्पे, आणि हातातल्या पत्राचा त्यातला एकच कप्पा. कोणीतरी आधी पत्ता लिहिलेला असतो, म्हणून तर पत्र पोचतं.

वहिनी: म्हणून तुझं पात्रही टपालच वाहतं.

धाकटी: निरोपी म्हणतात तिला. टपाल नाही वाहत.

वहिनी: बरं, निरोपी. ती आत्ता कुठे आहे?

धाकटी: तेच तर. मिठाच्या जगात. तिघंही अडकलोय. समोर मिठाची भिंत, भिंतीत एक खिडकी. आमचा अंदाज असा की पलीकडे आमचंच जग आहे, घर आहे. दोन चुका होऊन गेल्यात. एक संधी उरली. ती वाया गेली तर खिडकी बुजणार आणि चौदा वर्षं सांभाळलेली तीन पात्रं तिथेच खारवून बसणार. आता कळलं मला वही का हवी ते?

वहिनी: ते मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मला बघायचं होतं, तू किल्ल्यांबद्दल काय सांगतेस.

धाकटी: म्हणजे?

वहिनी: आधीच्या तेरा वह्या तू वाचल्यास. वर्षांप्रमाणे लावल्यास, वर चिठ्ठ्या डकवल्यास. त्यात काय होतं?

धाकटी: दारं. एकेका दाराचं वर्णन, खाली त्याची किल्ली. मी सगळ्यांची यादी केली, काही क्रम लागतो का ते बघायला. म्हणजे शेवटची किल्ली ओळखता येईल. नाही लागला क्रम. मांजराच्या पिल्लाचा आवाज, उलटा घातलेला मोजा, सात वेळा शिंकणं. काही ताळमेळच नाही.

वहिनी: वर्णन कशाने लिहिलंय?

धाकटी: शाईने. त्याचं ते जाड निबाचं पेन.

वहिनी: आणि किल्ल्या?

धाकटी: पेन्सिलीने. निळसर. ते मी पण बघितलं. किल्ली बदलावीशी वाटली तर खोडता यावी म्हणून.

वहिनी: खोडलेली एक तरी सापडली?

धाकटी: नाही.

वहिनी: किती दारं झाली चौदा वर्षांत?

धाकटी: वह्यांतली धरून... एकशे बारा. शेवटची वही सोडून.

वहिनी: एकशे बारा किल्ल्या आणि एकदाही खोडावंसं वाटलं नाही. तुझा दादा. गिऱ्हाइकाला साधी पावती लिहिताना तीनदा खोडायचा.

धाकटी: तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण ना.

वहिनी: त्याचं पेन कुठे असायचं?

धाकटी: बाइंडिंगच्या दुकानात. डिंकाच्या डब्याशेजारी.

वहिनी: घरी शाई आणायची त्याला बंदी होती. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्याने माझ्या एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर दौत सांडली, त्या दिवसापासून. तेव्हा शाईचं जे काही आहे ते दुकानात लिहिलेलं, जेवणाच्या सुट्टीत. आणि ही निळी पेन्सिल बघ. कापडावर खुणा करायची. माझी आहे. या घराबाहेर ती कधी गेलेली नाही. दर शनिवारी तुम्ही गेलात की मला ती बोथट सापडायची. मी त्याला बोलायचे, कशाला हात लावतोस म्हणून. तो म्हणायचा, जरा एक टिपण करायचं होतं.

धाकटी: आम्ही गेल्यावर.

वहिनी: तुम्ही गेल्यावर.

धाकटी: नाही. खेळात काय झालं त्याची नोंद करत असेल. किल्ली सापडली अशी.

वहिनी: मग शाईत आधी किल्ली कुठे लिहिलीय, दाखव. तेरा वह्यांतलं एक पान दाखव.

धाकटी: शाईत नुसतं वर्णनच आहे.

वहिनी: तुम्ही चौकटीसमोर उभं राहायचं आणि सुचेल ते करायचं. कोणी काही मनापासून केलं, की तो म्हणायचा, उघडलं. आणि मग संध्याकाळी माझ्या पेन्सिलीने तेच किल्ली म्हणून लिहून टाकायचा.

धाकटी: म्हणजे किल्ल्या नव्हत्याच.

वहिनी: आधी नव्हत्या.

धाकटी: आणि तीन चुकांचा नियम?

वहिनी: एकशे बारा दारांत एक तरी चौकट बुजली का कधी?

धाकटी: आम्ही हुशार होतो म्हणून नाही बुजली.

वहिनी: हो, हो. ते तर आहेच.

धाकटी: चेष्टा करू नकोस, वहिनी. चौदा वर्षं. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कागदावर आकृत्या काढायचे. मागच्या किल्लीवरून पुढची ओळखायची म्हणून. डॉक्टरांनी एका दारासाठी मुद्दाम तारायंत्राची मोर्स लिपी शिकून घेतली. आणि पलीकडे बसून हा नुसता आमची गंमत बघत होता. फसवलं त्याने आम्हाला.

वहिनी: मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. मग राग आला. म्हटलं, ह्या तिघांचा शब्द न् शब्द इतका कान देऊन ऐकायचा, आणि मी तीन महिने सांगतेय की गॅसची नळी बदल, ते ह्याच्या कानावर कधी पडलं नाही. खरंच हेवा वाटला मला तुमचा.

धाकटी: विहिरीचं दार यात आहे?

वहिनी: आहे. या वर्षी त्याला किल्लीखाली दोन ओळी लिहायची सवय लागली होती. म्हणून तर ही वही वेगळी ठेवली. वाचायचंय तुला?

धाकटी: विहिरीच्या दाराची किल्ली दादाने माझ्यासाठी ठेवली होती असं मी धरून चालले होते. तुला माहीत नसेल काय झालं ते. त्या दिवशी तू बाहेर गेली होतीस.

वहिनी: वाचून कळलं.

धाकटी: कोरडी विहीर. मास्तरांनी दोर सोडला, डॉक्टरांनी हाक मारली, काही नाही. मी काठावर वाकले, म्हणजे निरोपी वाकली, आणि एकदम मी आईबद्दल बोलायला लागले. हॉस्पिटलात आई गेली त्या दुपारी मी खुर्चीत झोपले होते. तिने हाक मारली असेल, मला ऐकू आली नाही. दोन वर्षं मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. आणि दादा नेहमीच्याच आवाजात म्हणाला, उघडलं. पुढे एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, त्याला माहीत होतं. त्याने मुद्दाम तीच किल्ली ठेवली, माझ्या मनातून ते निघावं म्हणून. मला इतकं हलकं वाटलं होतं, वहिनी. की कोणीतरी आधीपासून ओळखून आहे. आता तू म्हणतेस, त्याच्या वहीत काही नव्हतंच.

वहिनी: विसाव्या पानाच्या आसपास आहे. वाच.

धाकटी: "कोरडी विहीर. काठ दगडी, एक दगड सुटलेला. आत हाक मारली तर आपलीच हाक परत येत नाही." हे शाईत. खाली पेन्सिलीत... "किल्ली: धाकटी जे बोलली ते. मला हे माहीत नव्हतं. त्या दुपारी पलीकडच्या बाकावर मीही झोपलो होतो. तिला सांगायला हवं."

वहिनी: सांगितलं नाही ना त्याने?

धाकटी: नाही.

वहिनी: मलाही नाही. धीर झाला नसेल. दोघं भाऊबहीण, एकाच खोलीत, दोघांनाही झोप लागलेली, आणि दोघांनाही वाटतंय की चोर आपण एकटेच. रुमाल घे. तो नको, त्याला टाचण्या आहेत.

धाकटी: त्याला माहीत नव्हतं.

वहिनी: नव्हतं. त्याने ते त्याच क्षणी ऐकलं, तुझ्याबरोबर.

धाकटी: मग शेवटच्या शनिवारी का नाही ऐकलं? हेच तर मला चार महिने खातंय. असं असेल तर त्याला उघडायला काय झालं होतं? डॉक्टरांनी मूठभर मीठ पुढे केलं, तो म्हणाला चूक. मास्तर गुणगुणले, चूक. मी म्हटलं, दादा, पुरे आता, तीन शनिवार झाले एकाच खिडकीपाशी. तो नुसता हसला. म्हणाला, तू काय देतेस? आणि माझं डोकंच सरकलं. सकाळभर ऑफिसात साहेब ओरडलेले, घरी सासूबाईंचं आजारपण. मी उठले आणि म्हटलं...

वहिनी: मी होते इथे. ऐकलं मी.

धाकटी: मी म्हटलं, तुझं दार तूच उघड. आणि चपला घालून निघाले. त्याने खिडकीतून हाक मारली, मी मागे वळून बघितलं नाही. आणि बुधवारी सकाळी दुकानात, हातात सुई घेऊन, तो गेला. हेच शेवटचं वाक्य, वहिनी. माझं त्याला. म्हणून मला खरी किल्ली हवी होती. ती सापडली असती तर निदान मला असं म्हणता आलं असतं, की मी ते अर्धवट टाकलं नाही. बरोबर किल्ली दिली आणि पूर्ण केलं. आता तर किल्लीच नाही, आणि ठरवणाराही नाही.

वहिनी: मी वही का लपवली, ते विचार आता.

धाकटी: का लपवलीस?

वहिनी: डॉक्टर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, वही मिळाली की खिडकी उघडू, घरी पोचू, आणि खेळ नीट बंद करू, त्याच्यासाठी. मला त्यातलं बंद करू एवढंच ऐकू आलं. चौदा वर्षं शनिवारी दुपारी या घरात चपलांचा ढीग असायचा. मी कुरकुरायचे. मग तो गेला. त्यानंतरचे दोन शनिवार कोणी आलं नाही. मी यंत्र सुरू केलं तर त्याचा आवाज केवढा मोठा यायचा. मग तुम्ही वही शोधायला यायला लागलात. माळा उपसला, पलंग उचलला. मला बरं वाटलं. म्हटलं, शोधू देत. जितके दिवस सापडत नाही तितके दिवस येतील. हे बरोबर केलं नाही मी. तू ज्या दुखण्याने शोधत होतीस ते मला माहीत असताना तर मुळीच नाही. माझ्या एकटेपणाला तुझे चार महिने लावले.

धाकटी: सांगायचंस ना सरळ. आम्ही असेही आलो असतो.

वहिनी: असं सगळे म्हणतात. बाइंडिंग दुकानातलेही म्हणाले होते, येत जाऊ. एकदा आले.

धाकटी: रागावू का तुझ्यावर?

वहिनी: रागाव. पण आधी शेवटचं पान बघ. तू विचारलंस ना, त्या दिवशी का नाही उघडलं.

धाकटी: तू वाच. मला नाही होणार.

वहिनी: वही तुझ्याकडेच राहू दे. पाठ आहे मला. वर शाईत नुसतं, "मिठाची भिंत, त्यात खिडकी, हाताला खारट." आणि खाली पेन्सिलीत. "शनिवार. आज कोणाचंच मन नव्हतं. डॉक्टरांची गाय अडलेली, त्यांचं लक्ष फोनकडे. मास्तरांनी जुनीच चाल गुणगुणली. म्हणून ताणलं. फार ताणलं. धाकटी दमलेली होती, ते मला दिसायला हवं होतं. ती म्हणाली, तुझं दार तूच उघड. बरोबर बोलली. पुढच्या शनिवारी ती आली की पहिलं जे बोलेल त्याला उघडायचं. शिवी दिली तरी."

(वहिनी सुईत दोरा ओवते, पुन्हा काढते.)

धाकटी: शिवी दिली तरी.

वहिनी: अगदी असंच लिहिलंय. बघ तू.

धाकटी: म्हणजे मी गेल्यावर, त्याच संध्याकाळी लिहिलं.

वहिनी: तुझी रिक्षा कोपऱ्यावरून वळली असेल नसेल, तोवर पेन्सिल मागायला आला. आणि धाकटे, एवढी दारं झाली, पण खेळाच्या आधी लिहिलेली किल्ली ही एकच.

धाकटी: डॉक्टरांना आणि मास्तरांना काय सांगायचं?

वहिनी: वही सापडली म्हणून सांग. मी लपवली होती तेही सांग, ऐकून घेईन मी त्यांचं. पेन्सिलीचं मात्र सांगू नकोस. किल्ली तुझ्याकडे आहे एवढंच म्हण. त्यात खोटं काहीच नाही.

धाकटी: तो गेल्यापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही. लोक फोटोशी बोलतात, मनातल्या मनात बोलतात. मला जमलंच नाही. ते वाक्य मधे यायचं.

वहिनी: म्हणजे पहिलं बोलायचं अजून बाकीच आहे.

धाकटी: काय बोलू?

वहिनी: मला काय विचारतेस. घाई नाही. ही पँट मला उद्या द्यायची आहे.

धाकटी: दादा, मला यायला उशीर झाला.

वहिनी: उघडलं.

धाकटी: पलीकडे काय आहे?

वहिनी: ते त्याने लिहिलेलं नाही. शनिवारी बघू, सगळे आले की.